मांडवीपासून वाशीपर्यंत : साथ आणि बाजारपेठ

साथीचा रोग मनुष्याच्या शरीराला जसा लागतो तसाच तो त्याच्या व्यवहारालाही लागतो. शरीराला लागलेल्या रोगाचे आंकडे रोज सकाळीं वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळतात. व्यवहाराला लागलेल्या रोगाचे आंकडे मात्र सहसा कोणी मांडीत नाहीं. थकलेलें भाडें, मोडलेली ठेव, गहाण पडलेला दागिना, शाळेंतून काढून कामाला लावलेला मुलगा, यांची नोंद ज्या त्या घरांतच राहते. म्हणून एखाद्या नगरानें साथ किती गांभीर्यानें घेतली हें पाहावयाचें असेल, तर त्याच्या दवाखान्याबरोबर त्याचा बाजारही पाहावा लागतो. २०२० सालच्या कोविडच्या साथींत नवी मुंबईनें या दोहोंचा मेळ कसा घातला, तो कोठें साधला आणि कोठें चुकला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

परंतु त्यापूर्वीं थोडें मागें जाणें इष्ट आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनीं प्लेगचे पहिले रोगी ओळखले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. त्या वखारींतून उंदीर मरूं लागले होते. परंतु उंदरावरील पिसवांच्या द्वारें रोग पसरतो हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकानें दाखवून दिलें तें १८९८ सालीं. तोंपर्यंत लोकांस एवढेंच कळत होतें कीं, रोग आला आहे आणि त्याच्यामागून सरकारचे शिपाईही येत आहेत. सुमारें आठ लाख वस्तीच्या त्या शहरांतून कांहीं महिन्यांतच जवळजवळ निम्मे लोक गांवोगांव निघून गेले. ऑक्टोबर १८९६ मध्यें गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. ते लोक रोगाला भीत नव्हते असें नव्हे. रुग्णालयांत नेलेला मनुष्य परत घरीं येत नाहीं, याची त्यांना अधिक भीति वाटत होती. जो उपाय समजावून न देतां केवळ हुकुमानें लादला जातो तो रोगाहूनही परका वाटतो, हा त्या वेळचा धडा होय. याच धामधुमींत पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. एकाच साथींत पळणारे, दगड मारणारे आणि रोग्याला पाठीवर घेणारे असे सर्व प्रकारचे लोक दिसतात.

आतां गंमत अशी कीं, मुंबईचा तो धान्याचा आणि मसाल्याचा घाऊक व्यापार पुढें खाडी ओलांडून वाशीस आला. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवें शहर आंखलें गेलें, आणि मुंबईच्या दाट वस्तींतले बाजार तिकडे हलवावे असें ठरलें. १९८१ सालीं कांदा-बटाट्याचा बाजार आला. त्यामागून मसाला, धान्य, भाजीपाला आणि फळें यांचे बाजार आले. रुंद रस्ते, आंखीव गाळे, हवा आणि उजेड यांची सोय झाली. परंतु बाजार म्हटला कीं गर्दी ही आलीच. घाटावरून रात्रीं निघालेले ट्रक पहाटे दाराशीं लागतात, माथाडी पोतीं उतरवितात, दलाल भाव पुकारतात, किरकोळ विक्रेते माल उचलतात, आणि सकाळच्या चहाच्या आंत तो माल मुंबईच्या गल्लोगल्लीं पोंचतो. लाखों लोकांचें जेवण या एका जागेवर अवलंबून आहे. अशा ठिकाणीं संसर्गजन्य रोग शिरला म्हणजे काय करावें, हा प्रश्न १८९६ सालीं मांडवीला पडला होता. तोच २०२० सालीं वाशीला पडला.

२२ मार्च २०२० रोजीं जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या, पण खालीं रस्त्यांत माणूस नव्हता. लोकल गाड्या थांबल्या. ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील पुष्कळ कारखान्यांचे भोंगे बंद झाले. पहिल्या कांहीं आठवड्यांत नवी मुंबईच्या नागरिकांनीं नियम पाळले नाहींत असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. किंबहुना कित्येक ठिकाणीं ते जरुरीपेक्षां अधिक पाळले गेले. हौसिंग सोसायट्यांनीं आपल्या फाटकांना कुलपें लावलीं, नोटिसा चिकटविल्या, मोलकरणींस आंत येण्यास मनाई केली. रुग्णालयांत रात्रपाळी करून परत येणाऱ्या परिचारिकेकडे शेजारी संशयानें पाहूं लागले. संध्याकाळीं पांच वाजतां सज्जांत उभे राहून जिच्यासाठीं टाळ्या वाजविल्या, तिनें आपल्या जिन्यावरून मात्र जाऊं नये, अशी इच्छा धरणारीं माणसें निघालीं. गरज सरो आणि वैद्य मरो ही म्हण जुनी आहे. येथें तर गरज सरण्याचीही वाट कोणी पाहिली नाहीं.

गांभीर्य आणि भीति यांतील भेद येथेंच दिसतो. भीति मनुष्याला स्वतःचें दार लावावयास शिकविते. गांभीर्य त्याला शेजाऱ्याचें दार ठोठावून ‘कांहीं हवें आहे का?’ असें विचारावयास शिकवितें. मोलकरणीस येऊं नको म्हणणें हें त्या वेळीं कदाचित् योग्यच होतें. परंतु तिला महिना संपल्यावर पगार द्यावयाचा कीं नाहीं, ही खरी परीक्षा होती. त्या परीक्षेंत कांहीं घरें उत्तम रीतीनें उतरलीं. त्यांनीं काम न घेतां पूर्ण पगार पोंचता केला. कांहींनीं अर्धा दिला. आणि कांहींनीं, स्वतःचा पगार वेळेवर मिळत असतांही, ‘काम नाहीं तर दाम नाहीं’ हा हिशेब मांडला. ज्या बाईनें आपल्या रोजीवर पाणी सोडून इमारतीचें रक्षण केलें, तिच्या त्यागाची किंमत त्या हिशेबांत कोठेंच आली नाहीं.

बाजाराचा पेंच याहून कठीण होता. सर्व कांहीं बंद असतांना वाशीचा बाजार चालू ठेवणें भागच होतें. तो थांबता तर मुंबईची चूल थांबली असती. गर्दी कमी करण्याकरितां निरनिराळे उपाय योजले गेले. शेतकऱ्यांच्या गटांनीं भाजीच्या गाड्या थेट सोसायट्यांच्या दारांत आणल्या. कोंकणांतल्या बागायतदारांनीं हापूसच्या पेट्या दलालाच्या गाळ्यावर न पाठवितां ग्राहकांच्या हातीं दिल्या. तरीही बाजारांत रोग शिरलाच. व्यापारी, माथाडी, सुरक्षारक्षक यांना लागण होऊं लागली, आणि त्यांच्याबरोबर ती कोपरखैरणें, घणसोली, तुर्भें येथील घरांत गेली. अखेर ११ मेपासून १७ मेपर्यंत पांचही बाजार बंद ठेवून साफसफाई आणि तपासणी करावी लागली.

हा निर्णय घेणें सोपें नव्हतें. माथाडी कामगार आपल्या पाठीवर शहराचें अन्न वाहतो. १९६९ सालच्या माथाडी कायद्यानें त्याला मजुरीची हमी मिळवून दिली, हें अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीचें फळ होय. परंतु उचललेल्या पोत्यावरच ज्याची मजुरी ठरते, त्याला बाजार बंद म्हणजे कमाई बंद. माथाडी संघटनांनीं विम्याचें संरक्षण आणि कामावर येण्याजाण्याची सोय मागितली, ती याच भावनेनें. जिवाचा धोका पत्करून काम करावें असें समाज ज्याला सांगतो, त्याच्या घराची जबाबदारी समाजानें घेतली पाहिजे, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. यांत अवाजवी काय आहे?

ज्यांना कायद्याचें संरक्षणही नव्हतें त्यांची स्थिति याहून बिकट झाली. कारखान्यांत कंत्राटावर राबणारे, इमारतींच्या बांधकामावर असणारे उत्तरेकडील मजूर एका खोलींत आठआठ, दहादहा राहात. काम बंद, खानावळ बंद, घरमालक भाडें मागतो, अशा तिढ्यांत ते सांपडले. १७ एप्रिल रोजीं राज्यसरकारनें घरमालकांस तीन महिने भाडेवसुली पुढें ढकलण्याची सूचना केली. परंतु येथें दुसरी बाजूही ध्यानांत घेतली पाहिजे. नव्या शहरासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आगरी-कोळी कुटुंबांपैकीं पुष्कळांचा संसार गांवठाणांतील भाड्याच्या खोल्यांवर चालतो. भाडेकरू गेला म्हणजे मालकाच्याही ताटांतला घास गेला. साथीच्या दिवसांत एकाचें थकलेलें देणें हें दुसऱ्याचें बुडालेलें उत्पन्न असतें, आणि ही सांखळी रोगाच्या सांखळीइतकीच लांब असते.

मे महिन्यांत पनवेलहून श्रमिक गाड्या सुटूं लागल्या. पण गाडीची वाट न पाहतां हजारों माणसें पायींच निघालीं होतीं. ८ मे रोजीं जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर थकून झोंपले असतां मालगाडीखालीं मरण पावले. त्यांच्या भाकरी रुळांत विखुरल्या होत्या. रोगानें न मरतां रोगाच्या उपायानें मेलेल्या या माणसांची गणना कोणत्या तक्त्यांत करावयाची? एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचें उत्पादन मागील वर्षाच्या मानानें सुमारें २४ टक्क्यांनीं घटलें असें सरकारी आंकडे सांगतात. त्या २४ टक्क्यांत किती चुली विझल्या तें त्यावरून कळत नाहीं.

मदत झालीच नाहीं असें मात्र नाहीं. शिवभोजन थाळीची किंमत दहा रुपयांवरून पांच रुपये करण्यांत आली. शिधापत्रिकेवर माणशीं पांच किलो धान्य मोफत मिळूं लागलें. फेरीवाल्यांस दहा हजार रुपयांपर्यंत कर्जाची योजना जूनमध्यें निघाली. वाशीचें सिडको प्रदर्शन केंद्र, जेथें एरवीं व्यापारी मालाचे देखावे मांडले जात, तेथें रोग्यांच्या खाटा मांडल्या गेल्या. त्या वर्षीं सार्वजनिक गणपतीची मूर्ति चार फुटांपेक्षां व घरगुती दोन फुटांपेक्षां उंच नसावी असा नियम झाला आणि लोकांनीं तो बहुतांशीं पाळला. कित्येक मंडळांनीं वर्गणीऐवजीं रक्तदान मागितलें. ज्या लोकांना शिस्त नाहीं अशी ओरड नेहमीं होते, त्यांनींच आपला आवडता उत्सव आवरता घेतला. कारण समजलें म्हणजे लोक निर्बंध सोसतात.

या सर्वांत मुलांचें नुकसान सर्वांत मुकें होतें. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हावयाचा होता. तो झालाच नाहीं. पुढें शाळा दूरध्वनीच्या पडद्यावर भरूं लागली. ज्या घरांत एकच मोबाईल आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशांत, त्या घरांतलें मूल पटावर हजर आणि वर्गांत गैरहजर असें झालें. बुडालेला रोज एखादे वेळीं भरून काढतां येतो. सातव्या-आठव्या वर्षीं वाचावयास न शिकलेला मुलगा पुढें वाचूं लागला तरी कांहीं अंतर मागेंच राहतो. बाजार केव्हां उघडावा यावर जितकी चर्चा झाली, तितकी शाळेविषयीं झाली नाहीं.

२०२१ च्या आरंभीं लोकांना वाटलें कीं संकट टळलें. लसीकरणास १६ जानेवारीस प्रारंभ झाला. १ फेब्रुवारीपासून ठराविक वेळांत लोकल सर्वांस खुली झाली. मास्क हनुवटीवर आले, लग्नांच्या पंगती वाढल्या. आणि एप्रिलांत दुसरी लाट अशी आली कीं, ऑक्सिजनसाठीं आप्तेष्ट रात्ररात्र फिरूं लागले. महाराष्ट्रांत या साथीनें नोंदलेले मृत्यु १ लाख ४८ हजारांहून अधिक आहेत. परंतु ही दुसऱ्या वेळची शिथिलता केवळ बेफिकिरीची नव्हती. वर्षभर गांठीचें मोडून खाल्लेल्या माणसाला बाहेर पडण्यावांचून गत्यंतर नव्हतें. ज्याचें पोट हातावर आहे त्यानें ‘घरीं राहा’ या उपदेशाला किती दिवस मान द्यावा?

तेव्हां साथ गांभीर्यानें घेणें म्हणजे काय, याचें उत्तर या दोन साथींवरून काढतां येईल. मांडवीच्या वेळीं सरकारनें लोकांस विश्वासांत घेतलें नाहीं म्हणून उपाय फसले. वाशीच्या वेळीं लोकांनीं उपाय मानले, पण त्यांचा खर्च कोणी सोसावयाचा तें आधीं ठरलें नव्हतें. तो ज्याच्याजवळ सर्वांत कमी होतें त्याच्यावर पडला. पुढची साथ केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं. ती येईल एवढें निश्चित. तोंपर्यंत प्रत्येक सोसायटीला आपल्या दारांत राबणाऱ्या माणसांचीं नांवें व घरें ठाऊक असावीं, त्यांना घरीं बसवावयाचें झाल्यास पगार कसा द्यावयाचा तें तिच्या सभेंत आधींच ठरलेलें असावें, आणि शहराचें सर्व अन्न एकाच फाटकांतून येऊं नये अशी व्यवस्था महापालिकेनें व बाजार समितीनें करून ठेवावी. या गोष्टी साध्या आहेत, आणि त्या साथ नसतांनाच करावयाच्या असतात.

वाशीच्या बाजारांत आजही पहाटे ट्रक लागतात आणि माथाडी पोत्याखालीं पाठ देतो. नवी मुंबईनें साथीपासून काय घेतलें हें कळावयाचें असेल, तर तो आजारी पडून चार दिवस घरीं राहिला असतां त्याच्या घरीं चूल पेटते कीं नाहीं, एवढें पाहावें.