अडनिड्या घराची मांडणी

घर लहान असणे ही एक अडचण, आणि घर अडनिडे असणे ही दुसरी. पहिलीचा बोभाटा आपण सर्वजण करतो. दुसरीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः लहानशी पण सरळ खोली माणसांना सुखाने नांदू देते, आणि तिच्याहून मोठी, पण जिच्या भिंतीभिंतीला दारे आहेत अशी खोली घरच्यांना दिवसभर एकमेकांवर आदळवीत राहते. अशा जागेत थोडक्या पैशांत संसार कसा मांडावा, याविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी आज आपल्यापुढे ठेवावयाच्या आहेत.

लहान जागा मुंबईकराला नवी नाही. १९२० नंतरच्या दशकात सरकारने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तीत एकेका कुटुंबाच्या दोन-दोन पिढ्या वाढल्या. ते दिवस सुखाचे होते असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु तशा खोल्यांच्या मांडणीत एक शहाणपण असे. जमिनीवर कायमची ठाण मांडून बसलेली वस्तू विरळा. भिंतीला फळ्या व खुंट्या, भांड्यांना मांडणी, कपड्यांना दांडी, आणि सकाळ होताच अंथरुणे गुंडाळून घडवंचीवर. एकच जमीन दुपारी जेवणघर होई, सायंकाळी बैठक होई आणि रात्री शेजघर होई. पुढे आपण स्वतंत्र बिऱ्हाडात राहावयास गेलो, ते हे शहाणपण चाळीतच विसरून. आणि बंगल्याच्या दिवाणखान्यास शोभणारे सामान मात्र दुकानातून घरी आणले.

माझ्या परिचयाचे एक कुटुंब उपनगरात एक खोली व स्वयंपाकघर एवढ्या जागेत राहते. नवराबायको, दहावीत शिकणारी मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि पंचाहत्तरी उलटलेले आजोबा, अशी पाच माणसे. बाहेरची खोली १० फूट रुंद व १४ फूट लांब. आत येण्याचे दार आखूड भिंतीच्या उजव्या टोकाला, तर स्वयंपाकघराचे दार समोरच्या भिंतीच्या डाव्या टोकाला. उजव्या लांब भिंतीत मध्यावर न्हाणीघराचे दार, आणि डाव्या भिंतीत खिडकी. साहजिकच येणाजाणाऱ्यांची वाट खोलीला कोनाकोनाने छेदून जाई आणि दोन्ही अंगांना दोन त्रिकोण उरत. त्रिकोणात चौकोनी सामान नीट बसत नाही, हे सांगावयास भूमितीचे पुस्तक नको.

त्यातच लग्नातला पलंग ३० चौरस फुटांचा, सोफा १५ फुटांचा, जेवणाचे टेबल १० फुटांचे आणि कपाट ५ फुटांचे. १४० पैकी ६० चौरस फूट तेथेच संपले. खुर्ची मागे ओढावयास आणि कपाटाचे दार उघडावयास लागणारी जागा निराळीच. परिणाम असा झाला की, आजोबांची वळकटी नेमकी वाटेवर पसरावी लागे, आणि रात्री पाणी प्यावयास उठणारा त्यांना ओलांडून जाई. दिवसा ते वर्तमानपत्र घेऊन जिन्याच्या पायरीवर बसत. मुलगी सर्वांची जेवणे आटोपली म्हणजे ओटा पुसून त्यावर वह्या मांडी आणि उभ्याउभ्याच गणिते सोडवी. घरात सामान पुष्कळ होते. माणसांना मात्र जागा नव्हती.

हे घर नवीन सामान घेऊन सुधारले नाही. कोण कोठे निजणार, कोण कोठे वाचणार, दुपारी कोणाला पडावयाचे आहे, हे प्रश्न आधी विचारले, म्हणून ते सुधारले. आजच्या भाषणाचे सार इतकेच आहे: आधी माणसे मांडावीत, मग सामान.

त्यासाठी प्रथम मोजपट्टी घ्यावी. चौकटींच्या कागदावर खोलीचा नकाशा काढून त्यात दारे कोणीकडे उघडतात, खांब कोठे पुढे आला आहे, विजेची बटणे कोठे आहेत, हे सर्व दाखवावे. सामानाचे तुकडे त्याच प्रमाणात पुठ्ठ्यातून कापावेत आणि नकाशावर फिरवून पाहावेत. जिन्याचे वळणही मोजावे. घरात मावणारे कपाट जिन्यात अडले, असे प्रसंग पुष्कळांवर आले आहेत. नंतर जमिनीवर खडूने आखून दोन दिवस त्या रेषा पाळाव्यात. कागदावर न दिसलेली अडचण पायांना कळते.

मग वाटा ठरवाव्यात. एका माणसाला २ फूट रुंदीची वाट पुरते. हातात पाण्याचे भांडे असेल तर अडीच फूट हवी. वरील घरात कोनाकोनाची वाट मोडून ती भिंतीकडेने नेली. दारातून उजव्या भिंतीला धरून सरळ पुढे, आणि तेथून समोरच्या भिंतीलगत डावीकडे स्वयंपाकघरात. चार पावले अधिक पडली. पण साडेसात फूट रुंद व साडेअकरा फूट लांब असा एक अखंड चौकोन, सुमारे ८६ चौरस फुटांचा, खिडकीसह मोकळा झाला. त्यातून आता कोणीही ये-जा करीत नाही.

खिडकीखाली आजोबांची अडीच फुटी लोखंडी खाट आली व खाटेखाली ट्रंका गेल्या. त्याच भिंतीला पुढे कपाट आणि घडवंची. पलीकडच्या भिंतीवर मुलीसाठी बिजागरीची फळी बसविली. ती काम संपताच भिंतीला मिटते. फळीच्या वर पुस्तकांचा कप्पा, आणि प्रकाश केवळ वहीवर पडेल असा खाली वळविलेला दिवा. मधल्या जमिनीवर दिवसा सतरंजी व रात्री चौघांच्या गाद्या.

सोफा आणि जेवणाचे टेबल विकले. त्याच पैशांत खाट आली आणि सुताराची मजुरी बहुतेक भागली. पलंगाची गोष्ट मात्र एवढी सोपी नव्हती. तो गृहिणीच्या वडिलांनी लग्नात दिलेला, आणि वडील आता हयात नव्हते. तो विकावा असे तिला कोणी म्हणू शकले नाही, आणि म्हणूही नये. शेवटी तिनेच सुताराला विचारले, की याचे दुसरे काही होईल काय? सागवान उत्तम होते. पलंग सुटा झाला, आणि त्याच्याच फळ्यांतून मुलीची अभ्यासाची फळी व पुस्तकांचा कप्पा उभा राहिला. आजोबांच्या देणगीवर नात अभ्यास करू लागली.

खरेदीविषयी थोडे सांगतो. मुंबईत चोरबाजार व ओशिवऱ्याचा बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, येथे जुने सामान स्वस्त मिळते. परंतु तेथे डोळे उघडे ठेवावेत. सांधे हलवून पाहावेत, आणि फटींत ढेकूण आहेत काय ते दिव्याच्या उजेडात तपासावे. भुशाच्या दाबीव फळ्यांचे सामान दिसावयास गोजिरवाणे असले तरी कोकणपट्टीच्या पावसाळी दमटपणात फुगते. त्यापेक्षा जुने लाकूड किंवा लोखंड बरे. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल, तर कपाट तिच्यापासून दोन इंच दूर ठेवावे. कप्पे लावताना पातळ आडभिंतीवर जड ओझे टाकू नये, आणि इमारतीच्या खांबांना व तुळयांना कधीही छिन्नी लावू नये. कप्प्याची खोली वस्तूपुरतीच असावी: पुस्तकांना १० इंच पुरतात, टांगलेल्या कपड्यांना मात्र २२ इंच हवेत. खोल कप्प्यात मागची वस्तू विसरली जाते आणि तीच आपण पुन्हा विकत आणतो.

श्रोतेहो, मांडणीने जागा वाढत नाही. पाच माणसांना ती खोली अपुरी होती आणि आजही अपुरीच आहे; कुशल गृहिणीपणाचे कौतुक करून त्या अपुरेपणावर पांघरूण घालणे बरे नव्हे. पण हाती असलेल्या जागेत आपल्याच घरच्या वडील माणसाला आपण कोठे बसविले आहे, हा प्रश्न मोठ्या जागेची वाट पाहात थांबत नाही. परवा त्या घरी दुपारच्या सुमारास जाण्याचा योग आला. जिन्याची पायरी रिकामी होती. आत खिडकीखाली आजोबा निजले होते, आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून धाकटा नातू भिंतीकडच्या वाटेने चवड्यांवर चालत होता.