अंगणातल्या झाडाला पाणी किती?



आज आम्ही अंगणातल्या झाडांविषयी चार शब्द सांगणार आहोत. विषय लहान दिसतो, पण आपला धाराशिव जिल्हा अवर्षणाचा. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. एप्रिल महिन्यात पहिल्या खेपेला १० टाक्यांतून ५ लाख लिटर पाणी आले. अशा मुलखात तांब्याभर पाणीही मोलाचे. आणि ते बहुधा घरच्या बाईने नाहीतर लेकीने डोक्यावरून आणलेले असते.

मग कोणी विचारील, "मास्तर, माणसाला प्यायला पाणी नाही, तिथं झाडं कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण दारात शेवगा असला की भाजी होते. लिंबू असले की आजाऱ्याला सरबत होते. या झाडांना वेगळे पाणी फारसे लागत नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी त्यांना चालते. कपड्यांच्या सोड्याचे पाणी मात्र घालू नये. त्याने काळी जमीन घट्ट होते आणि पाणी आत मुरत नाही.

आता मुख्य गोष्ट. झाड तहानेने मरते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण झाड जास्त पाण्यानेही मरते, हे थोड्यांना ठाऊक आहे. मुळ्यांना पाणी लागते, तशी हवाही लागते. मातीत सारखे पाणी साचले की हवेला जागा राहत नाही. मुळ्या कुजतात, पाने पिवळी पडतात. मालकाला वाटते, झाड सुकले. तो आणखी एक बादली ओततो!

मग ओळखावे कसे? सोपी खूण सांगतो. बोटाची दोन पेरे मातीत घाला. माती ओली लागली, बोटाला चिकटली, तर पाणी नको. कोरडी लागली तर घाला. दुसरी खूण पानांची. दुपारच्या उन्हात पाने माना टाकतात, पण संध्याकाळी पुन्हा ताजी होतात. तेव्हा घाई करू नका. सकाळीच पाने मलूल दिसली आणि मातीही कोरडी असली, तर झाड खरेच तहानलेले आहे.

जमीनही पाहावी. काळी माती पाणी धरून ठेवते. तिला उशिरा, पण पोटभर पाणी द्यावे. तिला भेगा पडल्या तर खुरप्याने बुजवाव्यात, कारण भेगांतून ओल उडून जाते. मुरमाड जमिनीत पाणी लगेच खाली जाते. तिथे थोडे थोडे, पण लवकर लवकर द्यावे.

झाडाझाडाची रीतही निराळी असते. कोरफडीला उन्हाळ्यातसुद्धा आठ-दहा दिवसांनी पाणी दिले तरी भागते. जास्वंदीला जास्त लागते. मोगऱ्याला थंडीत पाणी कमी करावे, छाटणी करावी आणि थंडी सरली की पाणी वाढवावे. म्हणजे उन्हाळ्यात कळ्या धरतात. तुळशीला रोज पाणी घालणे हा आपला रिवाज आहे. पण पावसाच्या झडीत वृंदावनात पाणी तुंबते. तेव्हा नेमापुरता पळीभर घाला, देव रागावणार नाही.

पाणी बुंध्याशी ओतू नये. मोठ्या झाडाच्या पाणी पिणाऱ्या बारीक मुळ्या बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली असतात. तिथे गोल आळे करावे. आळ्यात पालापाचोळा, भुसा पसरावा. ऊन मातीला लागत नाही, ओल टिकते. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना घालावे.

आणखी एक जुनी युक्ती आहे. चीन देशात दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात ती सांगितलेली आहे. आपल्याकडे तर तेर हे गोरोबाकाकांचे, म्हणजे कुंभाराच्या चाकावर विठ्ठलनाम घेणाऱ्या संताचे गाव. मडके आपल्याला परके नाही. एक न रंगवलेले, कच्चे नव्हे तर नीट भाजलेले मडके घ्या. झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरा. पाणी भरा आणि वर झाकण ठेवा. मडके हळूहळू पाझरते. माती कोरडी झाली की पाणी ओढून घेते, ओली असली की पाझर मंदावतो. असे हे मडके स्वतःच हिशेब ठेवते! पाणी गाळून भरावे, नाहीतर गाळाने मडक्याची छिद्रे बुजतात.

पावसाचे पाणीही विसरू नका. १० फूट लांब आणि १० फूट रुंद पत्र्यावर १ सेंटीमीटर पाऊस पडला, तर ९० लिटरांहून अधिक पाणी पडते. पन्हळ लावून ते पिंपात धरले, तर तेवढ्या हंड्यांची खेप वाचते.

तेव्हा मंडळी, "पाणी किती?" याचे उत्तर बादलीत नाही, मातीत आहे. उद्यापासून आधी बोट घाला, मग तांब्या उचला. झाड जगेल आणि घरच्या माउलीच्या डोक्यावरचा भारही थोडा हलका होईल.