तारेवरचा फोन आणि नेटवरचा फोन

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेची थकबाकी हे विषय आजच्या बैठकीत आहेतच. त्याआधी थोडा वेळ आम्ही फोनवर बोलणार आहोत. फोनवर म्हणजे फोन या विषयावर. तुम्ही म्हणाल, शेतीच्या बैठकीत हे कशाला? कारण सांगतो.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. आपल्यातल्याच एका कास्तकाराने वावरातून बाजारात ओळखीच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लावला. भाव काय, विचारले. तो माणूस म्हणाला, "काल सात हजार होता, आज सहा हजार सातशे." मधले शब्द गळाले. आपल्या माणसाला ऐकू आले, "सात हजार... आज..." त्याने गाडी ठरवली, कापूस भरला, गेला. काट्यावर खरे कळले. भरलेली गाडी परत आणायची म्हणजे दुसरे भाडे. देऊन टाकला कापूस. क्विंटलमागे तीनशे रुपयांचा हिशेब चुकला, तो दोन शब्दांपायी.

त्याचा कान खराब नव्हता आणि समोरचा खोटे बोलला नव्हता. मग दोष कुठे होता? तो कॉल नेटवरचा होता. तारेवरचा फोन आणि नेटवरचा फोन ही दोन वेगळी जनावरे आहेत. एकाच दावणीला बांधली म्हणून ती एक होत नाहीत.

आधी तारेवरचा फोन पाहू. पूर्वी ट्रंक कॉल लावला की एक्सचेंजमधला माणूस तारेला तार जोडून द्यायचा. पुढे ते काम यंत्र करू लागले, पण रीत तीच राहिली. नागपूरहून मुंबईला बोलायचे तर दोघांच्या मध्ये एक अख्खी वाट राखून ठेवली जाई. तुम्ही बोला की गप्प बसा, त्या वाटेवर तिसरा कोणी यायचा नाही. म्हणून आवाज तुटत नसे. म्हणूनच तो महागही होता. लांब गावाला बोला, जास्त पैसे. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. बूथवर रांग लावायचो. डोळा मीटरवर आणि तोंड घरच्यांशी, असे बोलणे व्हायचे.

आता नेटवरचा फोन. माती परीक्षणाला आपण अख्खे वावर पाठवत नाही. ठिकठिकाणची मूठमूठ माती घेतो आणि त्यावरून वावराचा अंदाज बांधतो. आवाजाचेही तसेच होते. यंत्र दर सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेते आणि त्यांचे आकडे करते. एवढे काम पुढच्या काळातले तारेवरचे एक्सचेंजही करीत होते. ते आकडे ते राखीव वाटेने सरळ धाडायचे, सेकंदाला ६४,००० बिट. नेटवर हे आकडे पुडक्यांत बांधतात. साधारण वीस मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पुडके, म्हणजे एका सेकंदात पन्नास पुडकी. प्रत्येकावर पत्ता लिहितात आणि सरकारी रस्त्यावर सोडून देतात. त्याच रस्त्याने शेजारच्या पोराचा सिनेमा चालला आहे, कोणाचे बँकेचे काम चालले आहे, कोणाचे फोटो चालले आहेत.

चिठ्ठी किंवा फोटो उशिरा पोचला तरी कामाचा असतो. आवाजाचे पुडके उशिरा पोचले तर ते फेकूनच द्यावे लागते, कारण बोलणे पुढे गेलेले असते. पेरलेले बियाणे जळून गेल्यावर आलेला पाऊस दुबार पेरणी टाळत नाही, तसेच हे. आपल्या कास्तकाराचे दोन शब्द असेच वाटेत राहिले. एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांहून जास्त उशीर होऊ लागला की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. "हॅलो, हॅलो, आधी तू बोल" हे तेव्हाच सुरू होते.

मग नेटवरचा फोन वाईट का? मुळीच नाही. रस्ता सगळ्यांत वाटला जातो म्हणून तो स्वस्त आहे. पुण्यातल्या पोराशी बोला की आखातात गेलेल्या भावाशी, अंतराचे पैसे नाहीत. शिवाय तो दाखवू शकतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली पऱ्हाटी खाल्ली, ते तुम्ही विसरला नाहीत. बोंडाच्या आत काय चालले आहे हे साध्या फोनवर शब्दांत सांगून कळत नाही. बोंड फोडून कॅमेऱ्यासमोर धरले की शेती शिकलेल्या माणसाला ओळखता येते. आम्ही कृषीची पदवी घेतली ती पुस्तकातल्या चित्रांवर. आज तुमचे वावर थेट दिसते. हे बळ लहान नाही.

आणखी एक बारकावा ध्यानात घ्या. फोर-जीवर तुम्ही साधा नंबर फिरवून बोलता, तो आवाजसुद्धा आता पुडक्यांतूनच जातो. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाली, तिच्याकडे जुनी राखीव वाट मुळात नव्हतीच. पण नंबर फिरवून केलेल्या कॉलच्या पुडक्यांना कंपनी आपल्या जाळ्यात पहिला मान देते. रुग्णवाहिकेला रस्ता द्यावा तसा. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलला तो मान नाही, तो गर्दीतून वाट काढतो. म्हणून मुलाबाळांचे क्षेमकुशल व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा. भाव, वजन, तारीख आणि पैसे यांचे बोलणे नंबर फिरवून करा, आणि ठरलेला आकडा मेसेजमध्ये लिहून मागा. नंबरचे आणखी एक बरे आहे. कोणत्याही कंपनीचा नंबर दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या नंबराला लागतो. तो खुला बाजार आहे. अ‍ॅप म्हणजे एका मालकाचा वाडा. समोरचाही त्याच वाड्यात असेल तरच बोलणे. ११२ नंबरलासुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही.

आता हे स्वस्त बोलणे आपल्याला इतक्या उशिरा का मिळाले, तेही पाहू. १८८२ साली मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झाले. खेड्याला त्यानंतर शंभर वर्षे वाट पाहावी लागली. १९८४ साली सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. तिने १२८ लाइनींचे छोटे एक्सचेंज केले, त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. खेड्यातल्या धुळीत आणि उन्हात चालेल असे यंत्र आपल्याच माणसांनी केले, तेव्हा कुठे गावात घंटी वाजली. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल कलकत्त्याहून दिल्लीला झाला. त्या काळी मोबाइलवर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे.

नेटवरून बोलण्याचे तंत्र तोवर जगात आले होते. आपल्याकडे १ एप्रिल २००२ पासून त्याला परवानगी मिळाली, पण अर्धीच. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला बोला, कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला बोला, हरकत नाही. मात्र कॉम्प्युटरवरून देशातल्या फोनला बोलायचे नाही. अमेरिकेतल्या फोनला चालेल, काटोलच्या फोनला चालणार नाही! ही बंदी २०१८ साली उठली. आपल्याला यात नवल वाटू नये. एकाधिकार खरेदीच्या काळात आपल्या कापसालाही राज्याची सीमा ओलांडता येत नव्हती. नरखेड आणि सावनेरच्या लोकांना पलीकडचे मध्य प्रदेश दिसायचे, पण तिथे कापूस न्यायची सोय नव्हती. कापसाला नाका होता, तसा आवाजालाही नाका होता.

त्याच १ एप्रिल २००२ पासून दुसरीही एक गोष्ट झाली. फोन कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के रक्कम खेड्यापाड्यांतल्या फोनसाठी बाजूला काढण्याचा निधी सुरू झाला. आता त्याचे नाव डिजिटल भारत निधी आहे. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची भारतनेट योजना याच पैशातली. म्हणजे ती मेहेरबानी नाही. रिचार्ज करणाऱ्या प्रत्येकाच्या पैशाचा वाटा तिच्यात आहे. तेव्हा पंचायतीतला डबा बंद का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता खरी अडचण. जुन्या फोनची तांब्याची तार आवाजाबरोबर वीजही आणायची. एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्ट यायचे. गावची लाइट गेली तरी फोन चालू असायचा. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. घरातला किंवा पंचायतीतला डबा लाइटवर चालतो. टॉवरला बॅटरी आणि डिझेल असते, पण ते संपले की टॉवरही मुका. वादळात डीपी उडतो, झाड पडते, साप चावतो. नेमक्या त्याच वेळी फोन लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी लाइट नसते.

रानडुकरांपायी रात्री जागल करणाऱ्या माणसाच्या खिशात काय असते? बटणाचा फोन. त्याची बॅटरी चार दिवस चालते, तो ओल्या हातानेही दाबता येतो. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांच्यापैकी अनेकांच्या पंपाला सिमकार्डाचा स्टार्टर आहे. घरून कॉल लावला की मोटार सुरू होते. असे कितीतरी स्टार्टर टू-जीवर चालतात. २०२० साली मुकेश अंबानी यांनी टू-जी इतिहासजमा करावे असे म्हटले. देशात तीस कोटी लोक टू-जीत अडकले आहेत, असे त्यांनीच सांगितले. आम्ही नव्या तंत्राच्या विरोधात नाही. शेतकऱ्याने नवे तंत्र नेहमीच घेतले आहे. पण त्या तीस कोटींत आपली माणसे आहेत. त्यांचा फोन आणि त्यांचा स्टार्टर कोणाच्या खर्चाने बदलणार, हे आधी सांगा. मगच जुनी वाट नांगरा.

पैशाचेही बोलू. "कॉल फुकट" ही जाहिरात आहे. फुकट काही नाही, रिचार्ज संपला की कळते. बटणाच्या फोनवाल्या म्हाताऱ्याला न लागणारा डेटाही विकत घ्यावा लागत होता. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, फक्त बोलणे आणि मेसेज असलेले वेगळे पॅक ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. दुकानदार ते आपणहून दाखवीलच असे नाही. मागून घ्या.

आणि सावध राहा. तांब्याच्या तारेवर नंबर कोणत्या घरचा ते पक्के असे. नेटवरून येणारा कॉल खोटा नंबर अंगावर घालून येऊ शकतो. परदेशातून येऊन भारतातला नंबर दाखवणारे कॉल अडवण्याची यंत्रणा सरकारला ऑक्टोबर २०२४ मध्ये बसवावी लागली, यावरून काय ते समजा. स्क्रीनवर बँकेचे नाव दिसले किंवा पोलिसाचा गणवेश दिसला म्हणून घाबरू नका. फोनवर अटक करण्याचा कायदा या देशात नाही. पैसे गेले तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. पहिला तास फार मोलाचा असतो.

तेव्हा पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने तीन कामे करावीत. एक, आपल्या शिवारात कोणत्या भागात कोणत्या कंपनीची रेंज येते आणि लाइट गेल्यावर ती किती वेळ टिकते, याची वही करावी. दोन, पंचायतीतल्या फायबरच्या डब्याला बॅटरी आहे का ते पाहावे आणि नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्यावा. तीन, टू-जीचे स्टार्टर किती आणि बटणाचे फोन किती, ते मोजावे. मोजलेला आकडा घेऊन गेलो तर साहेबाला उत्तर द्यावे लागते.

कापूस आपला, ज्वारी आपली. तिचा भाव ऐकण्याची वाटही आपल्या माहितीची असली पाहिजे. वह्या घेऊन या, पुढचे त्या आकड्यांवर ठरवू.