पत्त्याचा शोध

कोलकात्याहून उमरग्यास टाकलेल्या पत्रावर 413606 हे सहा अंक असतात. तेथील टपाल निवडणाऱ्या इसमास उमरगा कोठें आहे हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पहिल्या 4 वरून पत्र पश्चिमेकडचें ठरतें, 413 वरून सोलापूरच्या बाजूचें; शेवटचे तीन अंक उमरग्याची टपालकचेरी दाखवितात. संस्कृत पंडित व टपालखात्याचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेली ही पद्धति 15 ऑगस्ट 1972 रोजीं सुरू झाली.

इंटरनेटच्या नाक्यानाक्यावर बसविलेला राउटर हेंच काम करतो. संदेशाच्या प्रत्येक पॅकेटावर शून्य व एक यांचा 32 स्थळांचा पत्ता असतो. राउटरच्या वहींत मात्र पत्त्यांचे केवळ आरंभीचे भाग नोंदलेले असतात. अनेक नोंदी जुळल्यास सर्वांत लांब नोंद प्रमाण मानावयाची, असा दंडक आहे. टपालांत किती अंक वाचावे हें ठरलेलें असतें. येथें नोंद कितीही लांब असूं शकते, आणि खरी अडचण हीच. मोठ्या राउटरांच्या वहींत आज नऊ लाखांहून अधिक नोंदी आहेत. सेकंदास 100 अब्ज बिट वाहणाऱ्या तारेवर लहान पॅकेटें लागोपाठ आलीं, तर एकेकाच्या निर्णयास सेकंदाच्या सात अब्जांशांहूनही कमी अवधि मिळतो. तो चुकला कीं रांग तुंबते व पॅकेटें गळतात.

यावर 1997 मध्यें वाल्डफोगेल, वर्गीस, टर्नर व प्लाटनर या चौघांनीं एक सुरेख युक्ति प्रसिद्ध केली. पैकीं जॉर्ज वर्गीस हे पवईच्या आय.आय.टी.चे 1981 चे पदवीधर. प्रत्येक लांबीच्या नोंदी निराळ्या पेटींत ठेवावयाच्या. अंकांवर ठराविक गणित केलें कीं नोंदीचा खण कळतो. पेटी चाळावी लागत नाहीं. शोधाचा आरंभ मधल्या, म्हणजे 16 स्थळांच्या पेटीपासून. तेथें कांहीं सांपडलें तर अधिक लांब पेट्यांकडे वळावें, न सांपडल्यास आंखूड पेट्यांकडे. परंतु लांब नोंद असूनही मधली पेटी रिकामी असली, तर वाट चुकेल; म्हणून लांब नोंदी मधल्या पेटींत आपली खूण ठेवतात. ती खूण फसवी निघाल्यास मागें फिरावें लागूं नये, याकरितां तोंवरचें उत्तम उत्तरही खुणेपाशींच लिहिलेलें असतें. अशा रीतीनें 32 लांबींचा शोध पांच पाहण्यांत पुरा होतो.

या वेगाचें मोल नोंद करतांना द्यावें लागतें: नवी नोंद आली कीं खुणा व उत्तरें पुन्हा लावावीं लागतात. तथापि नोंदी बदलतात त्याहून पॅकेटें कितीतरी पटींनीं अधिक येतात. म्हणून सौदा लाभाचाच ठरतो. नव्या पद्धतीचे पत्ते 128 स्थळांचे आहेत. त्यांसही अवघीं सात पाहणीं पुरतात.