जनुकीय तपासणी आणि मुलांचा आहार
(शिक्षकांपुढील व्याख्यान)



मुलाच्या थुंकीची वा रक्ताची तपासणी करून त्याने काय खावे व काय वर्ज्य करावे हे सांगता येते, अशा जाहिराती अलीकडे खेड्यापाड्यांतील पालकांपर्यंतही पोहोचू लागल्या आहेत. असा प्रश्न पडला की गावकरी शिक्षकाकडेच येतात. "गुरुजी, पोराची ही तपासणी करून घ्यावी काय?" या प्रश्नास केवळ 'होय' किंवा केवळ 'नाही' एवढेच उत्तर पुरेसे नाही. ही तपासणी कोठे मुलाचे आयुष्य सावरते आणि कोठे निव्वळ खर्चात पाडते, हा विवेक शिक्षकाने प्रथम स्वतः आत्मसात केला पाहिजे.

जनुके म्हणजे आईवडिलांकडून अपत्यास मिळालेल्या सूचनाच होत. अन्नातील घटकांचे रूपांतर करणारी विकरे शरीर या सूचनांबरहुकूम तयार करते. एखादी सूचना सदोष असली म्हणजे त्या सूचनेवर अवलंबून असणारे विकर नीट तयार होत नाही आणि इतरांस पोषक ठरणारे अन्न त्या मुलास बाधते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे फिनिलकीटोन्यूरिया हा दुर्मिळ विकार. सन 1934 मध्ये नॉर्वे देशातील एका मातेने आपली दोन मतिमंद मुले डॉ. फोलिंग यांना दाखविली. मुलांच्या लघवीस चमत्कारिक वास येतो, ही त्या मातेची तक्रार होती. इतरांनी दुर्लक्षिलेली ही तक्रार डॉ. फोलिंग यांनी मनावर घेतली. लघवीत फेरिक क्लोराइड घालताच ती हिरवी झाली, आणि या सूत्रावरून विकाराचा शोध लागला. प्रथिनांत फिनिलअॅलनिन नावाचा घटक असतो. या मुलांच्या शरीरात त्याचे रूपांतर होत नाही. तो रक्तात साठत जातो आणि वाढत्या मेंदूची हानी करतो.

पुढे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे डॉ. बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान मुलीस हा घटक काढून टाकलेला आहार दिला. न रांगणारी ती मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली. तो घटक पुन्हा आहारात मिसळताच तिची प्रकृती ढासळली. हा वृत्तान्त 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु झालेली हानी पुरतेपणी भरून येत नाही. उपाय जन्मानंतर लगोलग व्हावा लागतो. त्यासाठी अमेरिकेतील डॉ. गथ्री यांनी नवजात अर्भकाच्या टाचेतील रक्ताचे थेंब कागदावर टिपून करावयाची तपासणी शोधली. 1963 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ती कायद्याने आवश्यक केली. आज रक्तातील दोष आढळल्यावर जनुकीय तपासणीने निदान अधिक निश्चित करता येते.

येथे शिक्षकाने थोडे थांबून विचार करावा. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे हे जे पदार्थ मुलांनी खावेत म्हणून शाळेत आपण आग्रह धरतो, तेच या एका मुलास घातक ठरतात. त्यास साबुदाणा, फळे, बहुतेक भाज्या व डॉक्टरांनी नेमून दिलेले खास प्रथिनयुक्त पूरक अन्न यांवर वाढवावे लागते. अशा मुलास "ताटातली डाळ टाकू नकोस" असे प्रेमाने सांगणेही अपायकारक होय. दुसरे असे की, हा दोष आई व वडील या दोघांकडून आला तरच विकार होतो. आईबाप स्वतः निरोगी असतात, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून केवळ सुनेला बोल लावणाऱ्या घरी शिक्षकाचा एक समजुतीचा शब्द फार मोलाचा ठरतो.

आपल्या महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल हाही जनुकीय विकारच. त्याच्या निर्मूलनासाठी 2023 मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झाले. अशा मुलास वर्गात वारंवार पाणी पिऊ द्यावे. त्यास वरचेवर रक्त द्यावे लागत असेल, तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये.

आता बाकीच्या मुलांविषयी. त्यांची भूक, वजन व उंची एका जनुकावर नव्हे, तर अनेक जनुकांच्या अल्पस्वल्प प्रभावावर आणि घरच्या परिस्थितीवरही अवलंबून असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 प्रौढांवर वर्षभर केलेला प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. कमी स्निग्धांशाचा आहार कोणास व कमी पिष्टाचा कोणास मानवेल, हे ठरावीक जनुकांवरून सांगता येते काय, हे त्यात पाहिले. तसे सांगता आले नाही. मोठ्यांच्या बाबतीत जे साधले नाही, ते वाढत्या मुलाच्या बाबतीत साधते असे मानून पालकांनी पैसा खर्च करावा काय? अशा अहवालावर विसंबून मुलाचे दूध वा भाकरी तोडणे तर अधिकच अनिष्ट.

तेव्हा शिक्षकाचे कर्तव्य स्पष्ट आहे. वजनकाटा व उंचीची पट्टी नियमित वापरावी आणि नोंदी खऱ्या ठेवाव्यात. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने ठरविलेली आहेत. तेवढे अन्न मुलाच्या पोटात जाते की नाही, हे पंक्तीत उभे राहून पाहावे. एखादे मूल विशिष्ट पदार्थाने वारंवार आजारी पडत असेल, त्याची वाढ खुंटली असेल, अथवा एकाच घरातील दोन भावंडे मागे पडत असतील, तर त्यास आळशी वा हट्टी न ठरविता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास दाखवावे. कोणती तपासणी करावयाची हे डॉक्टर ठरवितील.

नॉर्वेतील त्या मातेजवळ कोणतेही यंत्र नव्हते. तिने आपली मुले लक्षपूर्वक पाहिली आणि दिसले ते ऐकून घेणारा मनुष्य भेटेपर्यंत सांगत राहिली. आपल्या गावातील मातांस असा ऐकून घेणारा मनुष्य शाळेतच भेटावा, यातच शिक्षकाच्या पेशाचे सार्थक आहे.