चाळीस टक्क्यांच्या अलीकडचा माणूस



सभेच्या अध्यक्षाने प्रारंभी आपल्या अपात्रतेचा पाढा वाचावा, हा शिरस्ता आज मी मोडतो. कारण ज्या दिव्यांगांच्या अन्नाविषयी आपण बोलणार आहोत ती माणसे अशा सभांना सहसा येत नाहीत.

मुंबई उपनगर जिल्ह्याचे तालुके तीनच, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. महसुली हिशेबात आपले मुलुंड-घाटकोपर कुर्ल्यात मोडते, आणि येथील निर्धन दिव्यांगाचे संजय गांधी निराधार अनुदानाचे प्रकरण त्याच तालुक्याच्या दप्तरी असते. ऑक्टोबर 2025 पासून दरमहा अडीच हजार झालेली ती रक्कम या महानगरात खोलीभाड्यालाही पुरत नाही; परंतु ती थांबली म्हणजे आधी औषध सुटते आणि मग रुग्णालयात येणेच सुटते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सवलतींचा उंबरठा 40 टक्क्यांवर बांधला, आणि दोन दोष असल्यास ते टक्के मोजण्याचे आम्हा डॉक्टरांचे गणित सरळ बेरजेचे नाही: मोठा आकडा नव्वदांतून वजा करावा, उरेल त्याने धाकट्या आकड्याला गुणून नव्वदांनी भागावे, आणि येईल ते मोठ्यात मिळवावे. एका दोषाचे 30 व दुसऱ्याचे 15 असतील, तर 45 न होता नेमके 40 होतात. फेरतपासणीत त्या 15 चे 14 झाले, की माणूस 39.33 वर उतरतो. गुडघ्याशी कोनमापक धरलेला हात किंचित हलला, किंवा मोजणी सकाळऐवजी दुपारी झाली, तरी एवढा फरक सहज पडतो, हे ज्याने ते साधन हाताळले आहे त्याला सांगावे लागत नाही. बोरिवली स्थानकाच्या पुलाची मात्र एकही पायरी त्या माणसासाठी कमी झालेली नसते.

2025 साली शासनाने कर्मचाऱ्यांच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रांच्या पडताळणीचे आदेश काढले, ते निष्कारण नव्हते. खोट्या दाखल्यांवर नोकऱ्या आणि बदल्या पदरात पाडून घेणाऱ्या महाभागांना त्याच 2016 च्या अधिनियमाच्या 91 व्या कलमातील कारावास वा दंड खुशाल व्हावा! पण लबाडी उघडकीस येणे आणि टक्का घटणे या दोहोंवर एकच शिक्का उमटू लागला, तर त्याला न्याय म्हणवत नाही. कामगार राज्य विम्याच्या 1948 च्या कायद्यातील 55 व्या कलमाने वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाच्या फेरविचाराच्या वाटा दोनच ठेवल्या होत्या: महत्त्वाची वस्तुस्थिती दडविली किंवा चुकीची सांगितली गेली असेल तर एक, आणि दुखापतीचे परिणाम अनपेक्षितपणे, बऱ्याच प्रमाणात बळावले असतील तर दुसरी. म्हणजे प्रामाणिक कामगाराचे मिटलेले प्रकरण पुन्हा उघडायचे ते त्याच्या भल्यासाठीच. मसुदाकारांचा हा विवेक मला आजच्या परिपत्रकांत आढळत नाही.

दिव्यांग हक्क अधिनियमाच्या 59 व्या कलमाने अपिलाचा हक्क दिला आहे. पण निकाल लागेपर्यंत चूल कशावर पेटवायची, याविषयी ते कलम मौन पाळते. तेव्हा अपिलाचा निकाल लागेपर्यंत अनुदान बंद करू नये, असा ठराव आज आपण संमत करून शासनाकडे धाडावा, अशी माझी विनंती आहे. आणि आपल्यापुरते एवढे करावे: टक्का घटवाल तेव्हा आधीचा आकडा, आताचा आकडा आणि फरकाचे कारण त्याच कागदावर, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, व खाली अपील कोठे करायचे तो पत्ता द्यावा. यासाठी कोणाच्या हुकमाची गरज नाही.