सोडून दिलेल्या गाड्यांचे फोटो कशासाठी?

श्रोतेहो, दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात, साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवरच्या पठारावर, उयुनी नावाचं गाव आहे. गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवर वाफेची जुनी इंजिनं आणि वाघिणी उघड्या माळावर उभ्या आहेत. चिलीच्या किनाऱ्यावरच्या अंतोफागास्ता बंदरातून निघालेली रेल्वे १८८९ मध्ये उयुनीला पोचली आणि बोलिव्हियाच्या खाणींतलं खनिज त्या वाटेने समुद्राकडे जाऊ लागलं. विसाव्या शतकाच्या मध्याला खाणींचा धंदा बसला, गाड्यांना काम उरलं नाही आणि त्या तिथेच सोडून दिल्या गेल्या. शेजारी मिठाचं अफाट मैदान आहे. तिथून येणारा खारा वारा आता त्यांचे पत्रे खातो आहे. ते मैदान पाहायला जगभरातून येणारे प्रवासी या गाड्यांपाशी थांबतात आणि फोटो काढतात. मावळतीचं ऊन, लाल गंज, बॉयलरवर चढून हात पसरलेला माणूस. फोटो देखणे असतात, पण इंजिन कोणत्या कारखान्यातलं, त्याला किती चाकं, ते काय ओढायचं, हे त्यांतून कळत नाही. अशा गाड्यांकडे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याच्या हातात एक जबाबदारीचं काम असतं, आणि ते नोंदीचं काम आहे, असं माझं म्हणणं आहे. फोटो सुंदर असावाच, पण त्याआधी त्यातून त्या यंत्राची ओळख पटावी.

हे म्हणणं मी आपल्याच भागातल्या एका रेल्वेवरून स्पष्ट करतो. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. आधी बार्शी ते कुर्डुवाडी, मग वाढत वाढत पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर. अडीच फूट रुंदीच्या, हलक्या आणि स्वस्त रुळांवरून भरपूर माल आणि माणसं नेता येतील, असं त्याला दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी त्याने एक नियम घातला: इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही एका आसाचा भार पाच टनांपेक्षा जास्त पडता कामा नये. भार वाटायचा तर आस जास्त हवेत. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीसाठी केलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि त्यांच्यामागे आणखी चार चाकं होती. आता असं इंजिन समोर आहे अशी कल्पना करा. समोरून, खाली वाकून, आभाळाच्या पार्श्वभूमीवर फोटो काढला तर ते अक्राळविक्राळ दिसेल आणि छान दिसेल. पण त्यातून कॅलथ्रॉपचा विचार कुठेच दिसणार नाही. तोच फोटो बाजूने, थोडं लांब उभं राहून, चाकांच्या उंचीवर कॅमेरा धरून काढला, तर सहाही आस एका ओळीत दिसतात आणि पाच टनांचा नियम डोळ्यांना कळतो. रूळही चौकटीत घेतले तर त्यांची बारीक जाडी दिसते, आणि इंजिन असं का घडवलं याचं उत्तर त्याच फोटोत मिळतं. आज हे महत्त्वाचं आहे, कारण या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ती सगळी वाट ब्रॉडगेज झाली. गाड्या जलद झाल्या, लोकांची सोय झाली, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण अडीच फुटी रूळ गेले, आणि त्यांच्याबरोबर तो विचार प्रत्यक्ष पाहण्याची जागाही गेली.

यावर कोणी विचारील की कारखान्यांचे मूळ नकाशे दप्तरांत असतातच, मग फोटोंची एवढी मातब्बरी कशाला? या प्रश्नाचं उत्तर वेल्समधल्या बॅरी इथल्या भंगारखान्यात सापडतं. ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिनं मोडीत काढली, तेव्हा डाय वुडम या व्यापाऱ्याने त्यांतली २९७ विकत घेतली. वाघिणी कापणं सोपं होतं, म्हणून त्याच्या कामगारांनी आधी त्या हातात घेतल्या आणि इंजिनं समुद्राकाठच्या हवेत वर्षानुवर्षं गंजत राहिली. रेल्वेचे शौकीन ती पाहायला, त्यांचे फोटो काढायला येत. पाहता पाहता त्यांनी संस्था काढल्या, पैसे जमवले, आणि २१३ इंजिनं भट्टीपासून वाचली. त्यांतलंच एक ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’. हे १९५४ चं, आपल्या जातीचं एकुलतं एक इंजिन. वाफ नीट धरत नाही अशी त्याची अपकीर्ती होती, आणि आठ वर्षांतच ते निवृत्त झालं. शौकिनांनी १९७४ मध्ये ते घेतलं आणि बारा वर्षांनी पुन्हा चालवलं. दुरुस्ती करताना त्यांना आढळलं की इंजिनाच्या भट्टीखालच्या राखपेटीत हवा जाण्याची दारं नकाशात दाखवली होती तशी मुळात केलीच नव्हती. आगीला पुरेशी हवाच मिळत नव्हती. म्हणजे नकाशा एक सांगत होता आणि लोखंड दुसरं. यंत्र कसं ठरवलं होतं ते कागदावर असतं, पण ते प्रत्यक्षात कसं घडलं आणि वापरात कसं बदललं ते यंत्रावरच असतं. यंत्र गेल्यावर तेवढी साक्ष उरते ती कोणी नीट फोटो काढले असतील तरच.

बॅरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच ये-जा करणाऱ्या लोकांतून काहींनी पाट्या, मापकं, पितळी भाग काढून नेले. उयुनीत इंजिनांवर रंगाने नावं लिहिली गेली आहेत. म्हणून काहींचं मत असं की अशा जागांचा गाजावाजाच नको, फोटोंमुळे गर्दी होते आणि गर्दीमुळे नाश होतो. या आक्षेपात तथ्य आहे. पण गाडी पडून राहिली, तर तिला कोणी पाहो न पाहो, ती गंजतेच आणि शेवटी भंगारात जातेच. न पाहिल्याने वाचलेलं इंजिन क्वचितच असेल, पाहिल्यामुळे वाचलेली मात्र शेकड्यांनी आहेत. उपाय वागण्यात आहे. वर चढू नये, काही हलवू नये, आठवण म्हणून एक खिळासुद्धा उचलू नये. जुन्या बॉयलरच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ फुप्फुसात जाणं घातक आहे, त्यामुळे हात न लावणं आपल्याही हिताचं. आणि आपल्याकडे रेल्वेच्या हद्दीत परवानगीवाचून शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वाट बंद पडलेली दिसली तरी ती मालकाविना झालेली नसते. आधी स्टेशनमास्तरांना किंवा विभागीय कार्यालयाला विचारावं.

आणखी एक आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. या गाड्या इंग्रजांनी आपल्या फायद्यासाठी आणल्या, मग त्यांच्यासाठी एवढा जीव का टाकायचा? वऱ्हाडातली शकुंतला घ्या. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला जाणारी ही नॅरोगेज गाडी किलिक निक्सन या कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेण्यासाठी उभारली. तिथून तो मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना जायचा. त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन या वाटेवर १९९४ पर्यंत धावलं. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण ही वाट खाजगी कंपनीच्या मालकीची राहिली आणि भारतीय रेल्वे तिला मोबदला देत राहिली. हा इतिहास सुखाचा नाही, हे खरंच. पण तो पुसून टाकल्याने कापूस पिकवणाऱ्याला न्याय मिळत नाही. माल कुठून निघाला आणि कुठे गेला याचा लोखंडी पुरावा म्हणजे ही वाट. म्हणून शकुंतलेचे फोटो काढताना इंजिन-डबे पुरेसे नाहीत. स्टेशनची इमारत, तिकीट खिडकी, मालधक्का, मैलाचे दगड, शेतांतून जाणारे रूळ, सगळं घ्यायला हवं. या गाडीने गरिबांना स्वस्तात तालुक्याला, दवाखान्याला, बाजाराला नेलं, तेही या इतिहासात येतं, आणि तिने नेलेली माणसं अजून त्या गावांत आहेत.

असं काम करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची शेवटची वर्षं टिपली, बहुतेक रात्री, स्वतः मांडलेल्या दिव्यांच्या प्रकाशात. गाडीबरोबर त्यांनी रुळांकाठची घरं आणि माणसं घेतली. रेडिओवर आवर्जून सांगण्यासारखं म्हणजे त्यांनी त्या इंजिनांचे आवाजही मुद्रित केले आणि त्यांच्या तबकड्या निघाल्या. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या यांचे फोटो ढगाळ उजेडात, सरळ समोरून काढले. सावली पडत नाही म्हणून बांधणीचा प्रत्येक सांधा दिसतो. तेव्हा आधी तसा एक फोटो बाजूने घ्यावा, मग आकड्यांचे जवळून घ्यावेत. कारखान्याच्या पाट्या सहसा आधी चोरीला जातात, पण चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर इंजिनाचा नंबर ठोकलेला असू शकतो. तो शोधावा. त्यानंतर मावळतीचे, गंजाचे, धुक्याचे फोटो खुशाल काढावेत.

आणि श्रोतेहो, हे काम घरबसल्याही करता येतं. बार्शी लाइटचे, शकुंतलेचे, कुठल्याही बंद पडलेल्या गाडीचे जुने फोटो आपल्या घरात, पेटीत, अल्बममध्ये असतील, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून स्टेशन, साल आणि माणसांची नावं प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. पेनाची शाई कागदातून पुढे उतरते, म्हणून पेन्सिलच वापरा.